पहिली पॉइंट टू-टू निवडताना: प्रस्तावना

अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरसारख्या ठिकाणी रायफलीचा विषय निघाला की बोलणे बहुधा दोन वाटांनी जाते. कुणाला एनसीसीच्या कॅम्पमधली पॉइंट टू-टू, म्हणजे .22 रायफल, आठवते, पालथे पडून झाडलेल्या गोळ्या आणि कागदावरची भोके मोजण्याची घाई आठवते. कुणाला उसात शिरणारी रानडुकरे आठवतात आणि घरात एखादी हलकी बंदूक असावी असे वाटू लागते. समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या या परिसरात, पैठणच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असताना, हे वाटणे समजण्याजोगे आहे. हे पुस्तक मात्र पहिल्या वाटेने आलेल्या वाचकासाठी लिहिले आहे: ज्याला किंवा जिला 50 मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर नेम धरायला शिकायचे आहे आणि त्यासाठी कोणती रायफल हाती घ्यावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी.

या दोन वाटा कायद्यानेही वेगळ्या ठेवल्या आहेत. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या 13 व्या कलमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. .22 रायफल त्याच कलमात येते ती निराळ्या कारणासाठी, केंद्र सरकारने मान्य केलेल्या रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सदस्याला लक्ष्यावर सराव करता यावा म्हणून. रानडुकरावर परवानगीवाचून गोळी झाडणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाहीच, शिवाय .22 ची जेमतेम 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी एवढ्या जनावराला बहुधा मारत नाही, जखमी करून उसात सोडते. तो विचार ज्यांच्या मनात असेल त्यांनी तो इथेच सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या खेळाचे आणि मराठी माणसाचे नाते जुने आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया 1951 मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. आयुष्यभर गांधीजींच्या वाटेने चाललेल्या माणसाने रायफलींच्या संघटनेचे अध्यक्षपद घेतले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. नेमबाजी त्यांना स्वतःवर ताबा मिळवण्याची विद्या वाटली असावी. आजही त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा नवोदित नेमबाजासाठी राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी एक पायरी आहे. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीत होत्या आणि तिथून महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून, 600 पैकी 597 गुण मिळवून जागतिक विजेतेपद जिंकले. रायफल नेमबाजीत ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक आणले. पात्रता फेरीत 590 गुणांनी ते सातवे होते. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून गोळ्या झाडत त्यांनी 451.4 गुण केले. म्युनिक आणि पॅरिस, दोन्ही ठिकाणी झाडलेले काडतूस तेच होते, जे एनसीसीच्या कॅडेटच्या तळहातावर पहिल्यांदा ठेवले जाते: .22 लाँग रायफल.

हे काडतूस 1887 सालचे आहे, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने काढलेले. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते. .22 सारख्या रिमफायर काडतुसात ती नसते. पितळेच्या नळकांड्याचे बूड बाहेर दुमडून जी पोकळ कड तयार होते, तिच्यात ठिणगी देणारे रसायन भरलेले असते. फायरिंग पिन त्या कडेवर आदळते, कड चेपते, रसायन पेटते आणि दारू भडकते. कड चेपता यावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, पितळ पातळ म्हणून दाब कमी ठेवावा लागतो, आणि दाब कमी म्हणून धक्का आणि आवाज दोन्ही सौम्य राहतात. नवशिक्याला ही रायफल मानवते याचे मूळ असे त्या पातळ कडेत आहे. तिची खोडही तिथेच आहे. रसायन कडेच्या घेरात सगळीकडे सारखे पसरले नसेल आणि पिन नेमकी रिकाम्या जागी पडली, तर काडतूस वाजत नाही. म्हणून ‘गोळी उडाली नाही’ हा प्रसंग पॉइंट टू-टू चालवणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी येतोच. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबायचे आणि मगच बोल्ट उघडायचा. हा नियम प्रत्येक नवशिक्याने पहिल्या दिवशी पाठ करावा.

आता मुख्य प्रश्न. भरवशाची रायफल कोणती? दुकानात किंवा क्लबात याचे उत्तर कंपन्यांच्या नावांनी मिळते. उल्मची अन्शुट्झ, ओबर्नडॉर्फची फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, चेक देशातली सीझेड, जुन्या परवानाधारकांच्या कपाटातली ब्रनो, आपल्या ईशापूरच्या कारखान्यातली .22 स्पोर्टिंग. नावे खरी आहेत आणि त्यांच्यामागे कारागिरीही आहे. पण नवशिक्याने भरवसा नावावरून ठरवू नये, वागण्यावरून ठरवावा. ऊस वजनाला घातला की शेतकऱ्याची काट्याकडून एकच अपेक्षा असते: तेच वजन पुन्हा ठेवले तर तोच आकडा यावा. रायफलीकडूनही तेवढेच हवे. त्याच नेमाला, त्याच श्वासाला, त्याच बोटाला तिने तीच जागा दाखवावी. तसे झाले तर भोक जेव्हा बाजूला जाते तेव्हा चूक माझी, हे शिकणाऱ्याला निश्चित कळते आणि तो ती दुरुस्त करू शकतो. रायफलच लहरी असेल तर चूक कुणाची हे कधीच कळत नाही. मूल महिनोन्‌महिने स्वतःला दोष देते आणि एक दिवस खेळ सोडते. माझ्या मते स्वस्त रायफलीने होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. गुण कमी पडणे त्यापुढे किरकोळ.

या अर्थाने पाहिले तर पहिल्या रायफलीला ऑलिम्पिकच्या दर्जाचा नेमकेपणा लागत नाही. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते, आपल्या करंगळीच्या टोकाएवढे. नव्या हाताच्या पाच भोकांचा पुंजका, म्हणजे ग्रुप, त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. रायफल टेकूवर ठेवून, जाणत्या माणसाकडून, एकाच काडतुसाच्या पाच-पाच गोळ्यांचे चार कागद काढून घ्यावेत. ग्रुप लहान असावेत हे खरेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चारही सारखे असावेत आणि एकाच जागी पडावेत. एक कागद सुरेख आणि बाकीचे विखुरलेले, अशी रायफल घेऊ नये. विकणारा तो सुरेख कागदच पुढे करतो.

रचनेबाबत माझे मत सरळ आहे: हाताने चालवायचा बोल्ट, आणि एका वेळी एकच गोळी. रुगरची 10/22 ही 1964 पासूनची अर्धस्वयंचलित रायफल जगात अतिशय लोकप्रिय आहे आणि तिच्या जागी ती उत्तम आहे. पण शिकताना प्रत्येक गोळीमागे बोल्ट उघडावा, रिकामे पितळ बाहेर पडताना पाहावे, नवे काडतूस बोटांनी बसवावे, पुन्हा गाल स्टॉकवर टेकवावा. या सावकाशीत विचार करायला वेळ मिळतो. शिवाय बोल्ट उघडा असला की रायफल झाडता येणार नाही हे रेंजवरच्या सगळ्यांना दुरूनही दिसते.

जुनी रायफल पाहायला जाणाऱ्याने टॉर्च आणि थोडा कापूस खिशात ठेवावा. बोल्ट काढून घ्यावा आणि काडतूस जिथे बसते त्या घराच्या काठावर उजेड टाकावा. रिकाम्या रायफलीचा ट्रिगर वारंवार ओढला गेला असेल, तर कित्येक रिमफायर रायफलींत पिन थेट त्या काठावर आदळते आणि तिथे बारीकसा खळगा पडतो. असा खळगा असेल तर काडतूस आत-बाहेर करताना अडते आणि कड नीट चेपत नाही. मग नळीच्या तोंडाकडे यावे. कापसाचा पुंजका तोंडाच्या आतल्या कडेवरून हलकेच फिरवावा. एखादा तंतू अडकून राहिला तर तिथे ओरखडा किंवा दात आहे. गोळीला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा होतो, त्यामुळे तिथला केसाएवढा दोषही गोळी कलंडवायला पुरतो. नळ्या अनेकदा झाडून झिजण्याआधी तोंडाकडून लोखंडी गज घालून साफ करण्याने बिघडतात. साफसफाई नेहमी मागच्या बाजूने करावी. शेवटी झाडलेली दहा-बारा पितळी नळकांडी हातात घेऊन त्यांच्या कडेवरच्या पिनेच्या खुणा पाहाव्यात. सगळ्या खुणा सारख्या खोल आणि एकाच जागी असल्या तर पिन आणि स्प्रिंग ठणठणीत आहेत. फिकट किंवा सरकलेल्या खुणा दिसल्या तर किंमत कितीही उतरली तरी परत यावे.

रायफल शरीराला बसणे हा निवडीचा दुसरा अर्धा भाग, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींच्या बाबतीत तोच अधिक मोठा. बट खांद्याला टेकवल्यावर बोट ट्रिगरवर ताण न देता पोचले पाहिजे आणि डोळा साइटच्या रेषेत आपोआप आला पाहिजे, मान पुढे काढावी लागता कामा नये. मोठ्या माणसाच्या मापाची जड रायफल लहान खांद्यावर दिली की पाठ मागे झुकते आणि ती सवय मग सुटता सुटत नाही. कोणता डोळा प्रबळ आहे हेही आधी पाहावे. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, तिच्यातून दूरची एखादी खूण पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खूण दिसत राहते तो प्रबळ. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर ही गोष्ट प्रशिक्षकाला रायफल ठरवण्याआधी कळली पाहिजे.

काडतुसांवर नवशिके फार कमी विचार करतात. एकाच रायफलीला एक काडतूस मानवते आणि दुसरे, तितकेच महाग, मानवत नाही. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. लक्ष्यासाठीची चांगली काडतुसे मुद्दाम आवाजाच्या वेगाहून मंद ठेवलेली असतात, सेकंदाला साधारण 320 ते 330 मीटर, कारण आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. जोराचे ते चांगले, हा समज इथे उलटा ठरतो. आणि मंद म्हणून ती निरुपद्रवी आहे असेही कुणी समजू नये: पॉइंट टू-टूची गोळी किलोमीटरभराच्या पलीकडे जाऊ शकते. बांधावर, विहिरीच्या काठावर किंवा मळ्यात सराव करण्याचा विचार म्हणूनच मनात आणू नये. मागे मातीचा पुरेसा उंच बंधारा आणि देखरेख असलेली मान्यताप्राप्त रेंज हीच सरावाची जागा.

परवान्याबद्दल थोडक्यात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात होतो. 21 वर्षांखालील व्यक्तीच्या नावे परवाना मिळत नाही, पण ठरावीक वयानंतर प्रशिक्षणासाठी, नियमांत घातलेल्या अटींवर, ठरावीक शस्त्रे वापरायची मुभा कायद्याने दिली आहे. 2019 च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आणली. मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याने लक्ष्यसरावासाठी वापरायच्या .22 ला आणि एअर रायफलला ही मर्यादा लागू होत नाही. तपशिलाचे नियम 2016 च्या शस्त्र नियमांत आहेत आणि ते बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी कार्यालयात चौकशी करावी.

या सगळ्यावरून क्रम असा लागतो: आधी रेंज आणि प्रशिक्षक, मग 10 मीटरची एअर रायफल, मग क्लबची पॉइंट टू-टू, आणि स्वतःची रायफल सर्वांत शेवटी. अंबड तालुक्यातल्या मुलामुलींना त्यासाठी एसटी पकडून मोठ्या गावी जावे लागेल, हे मी जाणून आहे. शाळेत एनसीसी असेल तर तिथूनच सुरुवात करावी. तिथली रायफल अनेक हातांतून गेलेली असते, पण ती हाताळायची शिस्त पक्की शिकवली जाते. ज्यांच्यापुढे सध्या क्लबचीच रायफल आहे त्यांनी पुढची खरेदीची प्रकरणे बाजूला ठेवून पालथे पडण्याच्या पोझिशनचे प्रकरण आधी वाचावे आणि स्लिंगचा पट्टा दंडावर कुठे बांधायचा ते आरशासमोर, रायफल न घेता, करून पाहावे. ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची जुनी ब्रनो परवान्यासह आहे त्यांनी नळी आणि बोल्ट तपासण्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, आणि ती तपासणी होईपर्यंत तिच्यात काडतूस घालू नये.