शुश्रूषेची परदेशवाट

घोटी हे तांदळाच्या बाजारपेठेचे गाव. मुंबई-आग्रा मार्ग आणि रेल्वे या दोहोंच्या आधाराने इथला माल बाहेर जातो, तशी माणसेही जातात. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी आम्हां धर्मगुरूंकडे येणाऱ्यांत आता परदेशी निघालेल्या परिचारिकाही असतात. आणि याच इगतपुरी तालुक्यात, हमरस्ता सोडून डोंगराकडे वळले की ठाकर व महादेव कोळी समाजाचे पाडे लागतात. पावसाळ्यात तिथल्या गरोदर स्त्रीला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ही वाट मुळात एकाच दिशेची नव्हती. पुरुष डॉक्टरपुढे येण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांसाठी सोराबजी बेंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी मुंबईत निधी उभारला, आणि त्या निधीच्या बळावर १८८३ साली डॉ. एडिथ पेची इंग्लंडहून मुंबईत आल्या. १८८६ मध्ये उघडलेल्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली. नवऱ्याने भरलेल्या खटल्यामुळे देशभर गाजलेल्या रखमाबाईंना लंडनला जाऊन वैद्यक शिकण्याचे उत्तेजन दिले ते याच पेचीबाईंनी. रखमाबाई शिकल्या, परत आल्या आणि सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षे सेवा केली. डॉक्टर परदेशातून आणायचा तर खर्च आपण सोसायचा, हे त्या काळच्या मुंबईकरांनी गृहीत धरले होते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आपल्या ख्रिस्तसभेत मात्र व्रतस्थ भगिनींना वैद्यकी व सुईणपण करण्यास दीर्घकाळ मनाई होती. ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतातून आलेल्या डॉ. ॲना डेंगल यांनी रावळपिंडीत जे पाहिले, त्यातून त्यांनी १९२५ मध्ये वैद्यकीय कार्याला वाहिलेला भगिनीसंघ स्थापला. रोमची परवानगी आली ती १९३६ साली. भारतात परिचारिकेचा पेशा तेव्हा हलका समजला जाई. स्पर्शास्पर्शाच्या आणि परपुरुषाच्या भीतीने इतर समाजांतील मुली त्यात येत नसत. ती जागा ख्रिस्ती मुलींनी, विशेषतः केरळच्या मुलींनी, भरून काढली.

१९४६ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. त्यातील आकडे अजूनही अस्वस्थ करतात. भारतात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, तर ब्रिटनमध्ये ३०० लोकांमागे एक. डॉक्टर आपल्याकडे ६,३०० जणांमागे एक, तिथे १,००० मागे एक. देशातल्या सुमारे ४७ हजार डॉक्टरांपैकी जवळजवळ ३० हजार पदवीधर नव्हते. थोड्या मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले ते परवानाधारक होते. समितीच्या बहुमताने ठरविले की, यापुढे सर्व डॉक्टर एकाच दर्जाचे, पदवीधरच असावेत. काही सदस्यांनी विरोध नोंदविला, पण परवानाधारकांच्या शाळा बंद पडत गेल्या. हेतू थोर होता; खेड्याला शहराहून कमी प्रतीचा डॉक्टर का, हा प्रश्नही रास्तच. परंतु परिणाम उलटा झाला, असे आमचे मत आहे. खेड्यात टिकणारा मनुष्य गेला. त्याच्या जागी जो आला, त्याची पदवी ब्रिटनमध्ये १९७५ पर्यंत सरळ मान्य होत होती. १९४८ साली तिथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली होती आणि तिला डॉक्टर कमी पडत होते. १९६५ मध्ये अमेरिकेनेही कायदा बदलून कुशल आशियाई लोकांना दार उघडले. जनतेच्या पैशावर शिकलेल्या डॉक्टरांचा मोबदला या दोन्ही देशांनी आपल्याला दिला नाही.

पश्चिम जर्मनीची कथा तर आपल्याच घरातली आहे. १९६० च्या दशकात तिथल्या रुग्णालयांसाठी केरळच्या कॅथलिक मुली नेण्यात आल्या, त्या ख्रिस्तसभेच्याच मार्फत. धर्मगुरूंनी मुली निवडल्या, आईबापांना धीर दिला. त्या मुलींनी घरे बांधली, धाकट्यांची शिक्षणे केली. त्यांच्या कष्टाला कमी लेखण्याचे पातक आम्ही करणार नाही. पण सत्तरच्या दशकात तिथे मंदी आली, आणि तिच्या उत्तरार्धात काही राज्यांनी त्यांचे परवाने वाढवून देण्याचे नाकारले. कित्येकींना बोचके बांधावे लागले. गरज तुमची, मुदतही तुम्हीच ठरवायची, असा तो व्यवहार होता.

आता तेच दार महाराष्ट्रासाठी उघडले आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. मुलींनी जाऊ नये, असे सांगणारे आम्ही कोण? इथे खासगी रुग्णालयात तिला जे वेतन मिळते, त्यात तिने भावंडांना कसे पोसावे? आमचे म्हणणे वेगळे आहे. पेचीबाईंना आणताना मुंबईकरांनी जी जबाबदारी उचलली, ती श्रीमंत राज्याने इथल्या परिचर्या विद्यालयाबाबत का उचलू नये? एक मुलगी नेली तर दुसरीच्या शिक्षणाचा खर्च द्यावा, एवढे तरी कलम करारात हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली भरतीसंबंधी संहिता स्वीकारली आणि देणाऱ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेलाही लाभ व्हावा, असे तिच्यात म्हटले. पण ती ऐच्छिक आहे.

याच संघटनेने २०२३ मध्ये ५५ देशांची यादी केली. तिथे आरोग्यसेवकांची इतकी टंचाई आहे की, श्रीमंत देशांनी तिथून सक्रिय भरती करू नये. नेपाळ आणि बांगलादेश त्या यादीत आहेत. भारत नाही, कारण हिशेब साऱ्या देशाच्या सरासरीने होतो. घोटीजवळ धामणगावला वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे, तेही त्या सरासरीत मोजले जाते. डोली निघते तो पाडाही त्याच सरासरीत मोजला जातो.