न उडणारी फाइल

फाइल, न उडणारी : डिलीटची आज्ञा देऊनही संगणक जी काढून टाकायला नकार देतो, किंवा काढल्यावर जी पुन्हा जागेवर दिसू लागते, अशी फाइल किंवा फोल्डर. बोलताना ‘फाइल उडत नाही’, ‘फाइल अडकली’ असे म्हणतात. महाराष्ट्रातील दुकाने, कार्यालये आणि एमएस-सीआयटीची केंद्रे प्रामुख्याने विंडोजवर चालतात, म्हणून ही नोंदही मुख्यतः विंडोजविषयी आहे. उदाहरणे अहिल्यानगर शहराचे उपनगर केडगाव नजरेसमोर ठेवून घेतली आहेत. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव ते हे नव्हे. ते पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात. हे केडगाव नगर–पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेच्या मंदिराचे.

फाइल न उडण्यामागे बहुतेक वेळा बिघाड नसतो. ती फाइल कोणीतरी वापरत असते आणि संगणक त्याचे काम राखत असतो. हे लक्षात न आल्यामुळे ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि एका फाइलीपायी घरातले सगळे फोटो जातात. फॉरमॅट हा उपाय म्हणून या नोंदीत धरलेला नाही.

उघडी फाइल : कोणताही प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा तो ती फाइल इतरांना वाचू द्यायची का, लिहू द्यायची का, उडवू द्यायची का हे तीन प्रश्न विंडोजजवळ आधीच सोडवून घेतो. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत फाइल हलत नाही. उत्तर ‘हो’ असले तरी जुन्या पद्धतीत फाइलवर फक्त खूण होते; शेवटचा वापरणारा हात काढून घेतो तेव्हाच ती खरोखर जाते. मधल्या काळात ती यादीत दिसते, उघडायला गेले तर परवानगी नाही म्हणून सांगते, आणि रिस्टार्ट केल्यावर आपोआप नाहीशी झालेली असते. विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्यांत हे वागणे बदलले आहे. तिथे नाव लगेच निघते, मजकूर मागाहून.

झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नपत्रिकेचे डीटीपी ही कामे ज्या दुकानात एकत्र चालतात, तिथे हा प्रकार रोजचा असतो. पत्रिकेची फाइल एका संगणकावर असते आणि शेजारचा संगणक ती नेटवर्कवरून कोरलड्रॉमध्ये उघडून बसलेला असतो. पहिल्या संगणकावर सगळे प्रोग्रॅम बंद केले तरी फाइल उडत नाही, कारण ती धरणारा हात दुसऱ्या टेबलावर आहे. अशा वेळी कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधील ‘शेअर्ड फोल्डर्स’खालची ‘ओपन फाइल्स’ ही यादी पाहावी. नेटवर्कवरून कोणी कोणती फाइल उघडली आहे, ते तिथे दिसते. वर्डच्या फाइलशेजारी टिल्ड आणि डॉलर या चिन्हांनी सुरू होणारी, अंधुक दिसणारी १६२ बाइटची एक लपलेली फाइल असते. मूळ फाइल कोणी उघडली आहे, त्याचे नाव तिच्यात नोंदलेले असते. वर्ड नीट बंद झाले की ती निघून जाते, वीज गेली तर मागे राहते. वर्ड कुठेही चालू नसेल तर ती खुशाल उडवावी. तिच्यात आपला मजकूर नसतो.

एक्सप्लोरर स्वतःही फाइल धरून ठेवतो. उजव्या बाजूचा प्रीव्ह्यू चालू असेल, किंवा व्हिडिओच्या फोल्डरात छोटी चित्रे तयार होत असतील, तर एकही प्रोग्रॅम उघडा नसताना फाइल अडते. प्रीव्ह्यू बंद करून क्षणभर थांबले की काम होते.

धरणारा कोण हे शोधण्यासाठी विंडोज ७ पासून रिसोर्स मॉनिटर आहे. त्याच्या सीपीयूच्या पानावर फाइलीचे नाव टाइप केले की धरून बसलेला प्रोग्रॅम सापडतो. मार्क रुसिनोविच यांचा प्रोसेस एक्सप्लोरर जास्त खोलवर दाखवतो (त्यांचे सिसइंटर्नल्स मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये घेतले). २०२२ पासून मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या साधनसंचात फाइल लॉकस्मिथ आला आहे, आणि नवशिक्याला तोच सोपा. धरलेला हात जबरदस्तीने सोडवावा की नाही, याबाबत जाणकारांत एकमत नाही. प्रोग्रॅम अर्धवट लिहीत असेल तर फाइल बिघडू शकते. ‘अनलॉकर’ या नावाने फिरणाऱ्या फुकट साधनांपैकी काहींसोबत जाहिरातींचे प्रोग्रॅमही शिरतात, म्हणून ती टाळावीत.

परवानगी : जुन्या संगणकाची हार्डडिस्क नव्याला जोडली की तिच्यावरच्या फाइलींचा मालक नव्या संगणकाला अनोळखी असतो. गुणधर्मांत नावाऐवजी एस-१-५-२१ अशी आकड्यांची माळ दिसते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून मालकी घेऊन स्वतःला परवानगी दिली की अडचण संपते. विंडोजच्या स्वतःच्या फाइली व्हिस्टापासून ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’च्या मालकीच्या असतात, त्यांची मालकी घेऊ नये.

नावामुळे अडलेली फाइल : ‘एका भारतीयाने शोध लावला, कॉन नावाचे फोल्डर जगात कोणालाच करता येत नाही’ असा ईमेल अनेक वर्षे फिरत होता. बंधन खरे आहे, पण त्यात गूढ काही नाही. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर ही सोयच नव्हती. ती १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. त्याआधी कळफलक-पडदा, प्रिंटर, पोर्ट यांना कॉन, पीआरएन, ऑक्स, एनयूएल, कॉम१, एलपीटी१ अशी नावे देऊन फाइलींसारखेच वापरले जाई. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून ही नावे पुढे प्रत्येक फोल्डरात राखीव ठरली. आडवाटेने या नावाची फाइल तयार झालीच, तर नेहमीच्या डिलीटने ती जात नाही. शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असलेल्या नावांचेही तसेच होते. लिनक्समध्ये अशी नावे चालतात. विंडोज मात्र शोधताना शेवटचे टिंब गाळून टाकते आणि ‘फाइल सापडली नाही’ म्हणते, जरी ती समोर दिसत असली तरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पूर्ण पत्त्याच्या आधी दोन उलट्या तिरक्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक उलटी रेघ लावली की विंडोज नावाची छाटणी करत नाही, आणि फाइल निघते. सेव्हन-झिपच्या फाइल मॅनेजरमधूनही अशी नावे बहुधा उडतात.

मराठीत काम करणाऱ्याला लांबीची अडचण अधिक भेडसावते. विंडोजचा जुना नियम असा की ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या शेवटापर्यंतचा पत्ता २६० चिन्हांत बसला पाहिजे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘केडगाव’ हे डोळ्यांना चार अक्षरांचे नाव संगणकाला सहा चिन्हांचे. ‘अहमदनगर’ सात चिन्हांचे, ‘अहिल्यानगर’ दहा. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. जुन्या फोल्डरांवर नवे नाव घातले तर प्रत्येक ठिकाणी पत्ता तीन चिन्हांनी वाढतो. वरच्या फोल्डरचे नाव बदलताना आतल्या फाइलींचे पत्ते मर्यादेबाहेर चालले आहेत का, हे विंडोज तपासत नाही. म्हणून काठावर असलेल्या फाइली नाव बदलल्यावर उघडेनाशा होतात आणि उडेनाशाही होतात. उपाय सोपा आहे. वरून खाली येत एकेका फोल्डरचे नाव ‘१’, ‘२’ असे करावे, पत्ता आखूड झाला की फाइल मोकळी होते. विंडोज १० च्या २०१६ मधील आवृत्तीपासून ही मर्यादा उठवण्याची सोय आहे, पण एक्सप्लोरर अजून तिचा पूर्ण लाभ घेत नाही. लिनक्समध्ये मर्यादा पत्त्यापेक्षा नावालाच आडवी येते. तिथे एका नावाला २५५ बाइट, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, म्हणजे ८५ चिन्हे.

परत येणारी फाइल : पेनड्राइव्हवरील ‘शॉर्टकट व्हायरस’ महाराष्ट्रातल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानाने पाहिला आहे. ग्राहक फॉर्मसाठी पेनड्राइव्ह देतो, दुकानातला संगणक तो लावतो, आणि संसर्ग दोन्ही दिशांनी होतो. फोल्डरांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. ते उडवले की क्षणात पुन्हा हजर, कारण ते तयार करणारी स्क्रिप्ट संगणकाच्या मेमरीत चालूच असते. क्रम महत्त्वाचा आहे. टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट नावाची प्रक्रिया आधी थांबवावी, मग स्टार्टअपमधली स्क्रिप्ट काढावी, आणि त्यानंतर पेनड्राइव्हकडे वळावे. खऱ्या फाइली गेलेल्या नसतात. त्यांना ‘लपलेली’ आणि ‘सिस्टमची’ असे दोन शिक्के मारलेले असतात. कमांड प्रॉम्प्टमधील ‘ॲट्रिब’ या आज्ञेला वजा एच, वजा आर, वजा एस आणि पुढे तिरकी रेघ एस, तिरकी रेघ डी जोडली की सगळे शिक्के पुसले जातात. मग कधीकधी नाव नसलेले एक फोल्डर दिसते. त्याचे नाव म्हणजे न दिसणारी मोकळी जागा, आणि घरचे फोटो बऱ्याचदा त्यातच सापडतात. ते रिकामे समजून उडवू नये, ही या नोंदीतली सर्वांत कळकळीची विनंती.

ऑटोरनमार्गे पसरणाऱ्या व्हायरसविरुद्ध लोकांनी न उडणाऱ्या नावाचाच उपयोग करून घेतला होता. पेनड्राइव्हवर ऑटोरन-डॉट-आयएनएफ नावाचे फोल्डर करून त्याच्या आत ‘कॉन’ ठेवले, की व्हायरसला त्या नावाची फाइल लिहिता येत नसे. २०११ च्या सुधारणेत मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हचे ऑटोरन जुन्या आवृत्त्यांतही बंद केले आणि त्या युक्तीची गरज उरली नाही. याच काळात पुण्याच्या काटकर बंधूंचे क्विक हील हे अँटिव्हायरस राज्यभर पोचले होते. विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच फाइल काढणारे त्याचे बूट-टाइम स्कॅन याच तत्त्वावर चालते : धरणारा जागा होण्याआधी फाइल उचलायची. विंडोजमध्येही ‘पुढच्या वेळी सुरू होताना उडव’ अशी नोंद ठेवण्याची सोय आहे आणि कित्येक प्रोग्रॅम काढताना रिस्टार्ट मागतात ते त्यासाठीच.

मॅक व लिनक्स : उघडी असलेली फाइलही उडते, जागा मात्र ती बंद झाल्यावरच मोकळी होते.

डिस्कचा दोष : भारनियमनाच्या वर्षांत लिहिता लिहिता वीज गेल्याने, आणि आजही पेनड्राइव्ह ओढून काढल्याने, फॅट-३२ पद्धतीच्या डिस्कवरची फाइलींची यादी बिघडते. मग चित्रविचित्र चिन्हांची नावे आणि पेनड्राइव्हपेक्षा मोठ्या आकाराच्या फाइली दिसतात. त्या उडवण्याचा प्रयत्न करू नये. चांगल्या फाइली दुसरीकडे उतरवून घेऊन चेकडिस्क चालवावी. कॅमेऱ्याच्या कार्डावर काहीच उडत नसेल तर कडेची छोटी कळ ‘लॉक’कडे सरकलेली नाही ना, हे आधी पाहावे. आणि उडवलेली प्रत्येक फाइल पेनड्राइव्ह काढून परत लावला की जशीच्या तशी दिसत असेल, तर त्याच्या आतल्या चिपने लिहिणे थांबवलेले असते. असा पेनड्राइव्ह वाचता येतो, पण दुरुस्त होत नाही.