परदेशवारीत कॅरॅव्हॅनचे आरसे

मोटारीमागे जोडून न्यावयाचे फिरते घर म्हणजे कॅरॅव्हॅन. ती बहुधा मोटारीहून रुंद असल्याने नेहमीच्या आरशांत मागचा रस्ता झाकला जातो. म्हणून दोन्ही बाजूंना अधिक बाहेर येणारे जोड आरसे बसवतात. ब्रिटनमधील नियमानुसार चालकाच्या मागे २० मीटरवर, कॅरॅव्हॅनच्या कडेपासून ४ मीटर रुंदीचा पट्टा दिसला पाहिजे. योग्य आरसे नसल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड व परवान्यावर ३ दंडगुण होऊ शकतात.

डोव्हरहून फ्रान्समधील कॅले बंदरात उतरल्यावर या आरशांची खरी कसोटी लागते. ब्रिटनमध्ये भारताप्रमाणेच वाहने डावीकडून चालतात, फ्रान्समध्ये उजवीकडून. ब्रिटिश मोटारीचा चालक तेथे रस्त्याच्या कडेला येतो, तर मागील वाहने डावीकडून पुढे जातात. साहजिकच, चालकापासून दूरचा डावा आरसा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. बहिर्गोल आरशात मागील वाहन असते त्याहून दूर भासते, हेही ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी चालकाने आपल्या जागी बसून, दुसऱ्याच्या मदतीने आरसे नीट लावून घ्यावेत. प्रत्येक थांब्यावर त्यांची पकड तपासावी. कॅरॅव्हॅन सोडवल्यावर मात्र ते काढून ठेवावेत.