विकत घेतलेला अजगर आणि इरुलांची विद्या

जानेवारी २०१७ मध्ये तामिळनाडूतील इरुला या आदिवासी जमातीचे दोन सर्पतज्ज्ञ, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दाखल झाले. राज्याच्या वन्यजीव आयोगाने आणि फ्लोरिडा विद्यापीठाने त्यांना एका कामासाठी निमंत्रित केले होते. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आणि आसपासच्या बेटांवर पसरलेले ब्रह्मदेशी अजगर त्यांना शोधून काढायचे होते. गवताची दिशा, मातीवरचा घसटीचा माग, बिळाच्या तोंडाशी पडलेली विष्ठा वाचत वाचत त्यांनी पहिल्या काही दिवसांतच १३ अजगर पकडले. की लार्गो येथील एका जुन्या क्षेपणास्त्र तळावर सापडलेली १६ फुटी मादी त्यांतच होती.

ब्रह्मदेशी अजगर हा ईशान्य भारत, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम या प्रदेशांतला प्राणी. तो फ्लोरिडात पोहोचला तो विक्रीचा माल म्हणून. तेव्हा या दोन इरुलांनी अमेरिकेत जे निस्तरले, तो एका बाजारपेठेचा दीडशे वर्षांहून जुना हिशेब होता. आपल्या घरांतील मुले आज पाळीव प्राण्यांच्या दुकानात सरडा, कासव किंवा बॉल पायथन पाहून हट्ट धरतात. म्हणून हा हिशेब आपण एकदा नीट वाचला पाहिजे.

साम्राज्याचा बाजार

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गोदी परिसरात, रॅटक्लिफ हायवेवर, चार्ल्स जामराख या व्यापाऱ्याचे दुकान होते. वसाहतींतून परतणाऱ्या जहाजांवरचे खलाशी पोपट, माकडे, साप, कासवे घेऊन यायचे आणि जामराख ती विकत घ्यायचा. १८५७ मध्ये त्याच्याकडचा बंगाली वाघ पिंजऱ्यातून निसटला आणि रस्त्यावरच्या एका मुलाला तोंडात धरून निघाला. मुलगा वाचला. त्या प्रसंगाचा पुतळा आजही लंडनच्या टोबॅको डॉक भागात उभा आहे. मात्र जे असंख्य प्राणी जहाजांच्या तळघरांत उपासमारीने आणि थंडीने मेले, त्यांचे स्मारक कोठेही नाही.

जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे कार्ल हागेनबेक याने हाच व्यापार अधिक मोठ्या प्रमाणावर उभा केला. १८७० च्या दशकात त्याने प्राण्यांबरोबर माणसेही प्रदर्शनात मांडली. आरंभी रेनडियरसह उत्तर युरोपातील सामी कुटुंबे आणि पुढे आफ्रिका व श्रीलंकेतील लोक कुंपणाच्या आत वावरताना दाखवले गेले. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा या कांगोतील तरुणाला माकडांच्या घरात ओरांगउटानसोबत ठेवण्यात आले. त्याविरुद्ध प्रथम संघटितपणे उभे राहिले ते शहरातील कृष्णवर्णीय बाप्टिस्ट धर्मोपदेशक. त्यांच्या निषेधानंतर हे प्रदर्शन थांबले.

माणसाला माणसापेक्षा खालचे ठरवण्याची व्यवस्था आपल्याला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. म्हणूनच या इतिहासातील एक गोष्ट आपल्या चटकन ध्यानात यावी. जिवंत प्राण्याला ‘नवलाची वस्तू’ मानणारी नजर आणि दुबळ्या समाजातील माणसाला ‘नमुना’ मानणारी नजर या दोन्ही एकाच व्यापाऱ्यांच्या वखारीत, एकाच तिकिटाच्या खिडकीवर वाढल्या.

काचेच्या पेटीतील हवामान

याच काळात संगोपनाचे शास्त्रही घडत होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये जगातील पहिले सर्पगृह उघडले. परंतु सरपटणारे प्राणी तेथे दीर्घकाळ जगत नसत. त्यांचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करून तापमान राखत नाही. ऊन आणि सावली यांच्यात जागा बदलून ते आपले तापमान सांभाळतात. सगळीकडे सारखी ऊब असलेल्या पेटीत त्यांना ही निवडच उरत नाही.

हे ओळखून काम करणारी शास्त्रज्ञ म्हणजे जोन प्रॉक्टर. सतत आजारी असलेल्या या स्त्रीने आराखडा केलेले नवे सर्पगृह १९२७ मध्ये लंडनमध्ये खुले झाले. एकाच कक्षात उबदार आणि थंड असे वेगळे भाग, तसेच अतिनील किरण आत येऊ देणारी विशेष काच ही त्याची वैशिष्ट्ये होती. ते किरण मिळाले नाहीत तर अनेक सरडे व कासवे ‘ड’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाहीत. मग आहारातील कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ होतात, जबडा व पाठीचा कणा वाकतो. आज पशुवैद्यांकडे येणाऱ्या पाळीव सरड्यांमध्ये हा हाडांचा विकार नेहमी आढळतो.

प्रॉक्टर यांच्या हाताशी एक संस्था, इमारत आणि प्रशिक्षित सेवकवर्ग होता. पुढे बाजाराने हेच काम एक पेटी, एक दिवा आणि एक माहितीपत्रक यांच्या बळावर बालकांच्या खोलीत सोपवले. लाल कानांचे कासव विकत घेताना नाण्याएवढे असते. ते तीस वर्षे जगू शकते आणि जेवणाच्या ताटाएवढे होते. बॉल पायथनचे आयुष्यही वीस-तीस वर्षांचे. आठ वर्षांच्या मुलाच्या हट्टापायी आणलेला साप त्या मुलाच्या पदवीदान समारंभानंतरही घरात असणार, हे दुकानातील किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

खर्च कोणी भरला?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास छोटी कासवे लाखोंनी विकली गेली. ही कासवे स्वतः आजारी न पडता साल्मोनेला जिवाणू बाळगतात. लहान मुले ती हाताळत, तोंडात घालत आणि रुग्णालयात दाखल होत. अखेर १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर केंद्रीय बंदी आली. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, हा सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा सल्ला आजही कायम आहे.

अजगराची किंमत दलदलीने मोजली. १९९६ ते २००६ या काळात सुमारे ९९,००० ब्रह्मदेशी अजगर अमेरिकेत आयात झाले. पिल्लू म्हणून आणलेला अजगर दहा-बारा फुटांचा झाला, की मालक घाबरत आणि त्याला पाण्याकाठी सोडून देत. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात एक प्रजनन केंद्र उद्ध्वस्त होऊन तेथील अजगरही बाहेर पडले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जेथे अजगर सर्वाधिक काळ वसले होते तेथे रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटले होते आणि रानमांजरांचे ८७ टक्क्यांहून अधिक. त्याच वर्षी आयातीवर बंदी आली. आयात आधी आणि बंदी नंतर, असा हा क्रम होता. या कथेतील आणखी एक विसंगती अशी, की आपल्या मूळ प्रदेशात हाच अजगर आज असुरक्षित प्रजातींत गणला जातो.

आपला मूळ देशही या बाजारापासून मुक्त नाही. भारतीय तारा कासवाची तस्करी इतकी वाढली, की २०१९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत घालावे लागले. महाराष्ट्रात ‘दुतोंड्या’ म्हणून ओळखले जाणारे निरुपद्रवी मांडूळ गुप्तधनाच्या लोभाने लाखो रुपयांच्या बोलीवर विकले जाते. घरात कासव ठेवले की लक्ष्मी येते, ही समजूतही त्याच मातीतली. येथे छंदाच्या जोडीला अंधश्रद्धा व्यापाऱ्याचे काम करते.

टोपली आणि काचपेटी

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गारुड्याची टोपली बेकायदा ठरवली. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. सापाचे दात काढणे, तोंड शिवणे या क्रूर प्रथा थांबल्याच पाहिजेत. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दुसरे काम मिळू दिले गेले नाही, त्यांच्या पोटाची सोय कायद्यासोबत आली नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला मात्र तळघरात पन्नास काचपेट्या बाळगणाऱ्याला ‘छांदिष्ट’ म्हटले जात होते.

इरुलांनी यातून वाट काढली. कातड्याच्या व्यापाऱ्यांसाठी साप पकडणारी ही माणसे त्या साखळीत सर्वांत कमी पैसे मिळवणारी होती. तो व्यापार बंद झाल्यावर, सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये चेन्नईजवळ इरुला सर्पपकड सहकारी संस्था स्थापन झाली. साप परवान्याने पकडायचा, काही आठवडे ठेवून त्याचे विष काढायचे आणि त्याला पुन्हा रानात सोडायचे, ही तिची पद्धत. ते विष प्रतिविष बनवणाऱ्यांकडे जाते आणि शेतात सर्पदंश झालेल्या मजुराचा जीव वाचवते. २०२३ मध्ये सदैयन आणि गोपाल यांना पद्मश्री मिळाली. ज्या ज्ञानाला ‘विद्या’ म्हणण्यास ग्रंथाधारित समाज तयार नव्हता, त्याची गरज विद्यापीठाला पडली.

सत्तवणिज्जा

अंगुत्तर निकायात तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत. शस्त्रे, सत्त्व म्हणजे जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष. यांतील ‘सत्तवणिज्जा’चा अर्थ अट्ठकथेने माणसांची विक्री असा केला आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण ‘सत्त’ हा शब्द व्यापक आहे. मैत्रीभावनेत आपण ज्यांच्या सुखाची कामना करतो ते हेच सत्त. हागेनबेकच्या कुंपणाकडे पाहिले, की दोन्ही अर्थांमधील अंतर फारसे उरत नाही.

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अभय दिलेल्या प्राण्यांची यादी आहे. त्यात पोपट, मैना, हंस यांच्यासोबत कासवही आहे, असे अभ्यासक मानतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व जीवमात्रांसाठी असा भेद स्पष्ट केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी तेरावी प्राणिमात्रांवरील दयेची आहे आणि तिच्यात ‘लालनपालन’ हा शब्द आहे. लालनपालन म्हणजे त्या जीवाच्या गरजेनुसार केलेली सेवा. आपल्या हौसेला तेथे दुय्यम स्थान आहे.

आंधळी दयाही येथे उपयोगाची नाही. २०१५ मध्ये इंग्लंडच्या ब्रायटन किनाऱ्यावर काही बौद्धांनी पुण्यभावनेने परदेशी शेवंडे आणि खेकडे समुद्रात सोडले. ते तेथील स्थानिक जीवांना धोकादायक होते, म्हणून न्यायालयाने संबंधितांना शिक्षा केली. पाळलेले कासव तळ्यात सोडणे हेही जीवदान नव्हे. प्रज्ञेवाचून केलेली करुणा दुसऱ्या जीवांवर ओझे टाकते.

तेव्हा मूल हट्ट धरील तेव्हा त्याला रागावू नये. त्याचे कुतूहल मोलाचे आहे. जोन प्रॉक्टरही बालपणी साप-सरडे पाळत असे. मुलाला सर्पगृहात न्यावे, इरुलांची आणि एव्हरग्लेड्सची हकिगत सांगावी. तरीही प्राणी घरी आणायचाच असेल, तर दुकानाऐवजी त्यागलेल्या प्राण्यांच्या आश्रयगृहात जावे. त्याचे पूर्ण आयुष्य, त्याचे ऊन, त्याचा वैद्य, आपल्या राज्याचा कायदा आणि आपण भारतात गेलो असता त्याला सांभाळणारा माणूस, या पाच गोष्टींची उत्तरे घरातील सर्वांनी मिळून कागदावर लिहावीत. एकही उत्तर रिकामे राहिले, तर ती काचपेटी तूर्त दुकानातच राहू द्यावी.

जय भीम!