उंबऱ्याच्या आतला सिनेमा

खान्देश आणि सिनेमा म्हटलं की हल्ली यूट्यूबवरची अहिराणी गाणी आठवतात, फार तर मालेगावचा घरगुती सुपरमॅन. शिवाजी लोटन पाटील हे नाव आमच्या एरंडोलातही पटकन कुणी घेत नाही. खरं तर खान्देशच्या या माणसाला २०१२च्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'धग'साठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला. उषा जाधवला त्याच चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा.

'धग'मधलं कुटुंब मसणवट्याच्या आधाराने जगतं. बाप प्रेतं जाळतो. पोराला ते काम नको आहे आणि आईलाही त्याने ते करू नये असं वाटतं. जातीनं गळ्यात बांधलेल्या धंद्यावर भाषण ठोकायची सोय इथे पुष्कळ होती. पाटील मात्र चुलीपाशी बसतात. घरात चार पैसे यायचे तर कुणाच्या तरी घरी मयत व्हायला हवी, एवढं कळलं की वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे हीच त्यांची खोड झाली. रस्त्यावरचा मोठा प्रश्न उचलायचा आणि एका घराच्या उंबऱ्याच्या आत आणून ठेवायचा. '३१ ऑक्टोबर' (२०१६) हा हिंदी चित्रपट १९८४च्या दिल्लीतला. बाहेर शिखांची कत्तल चाललेली आणि कॅमेरा जीव मुठीत धरून बसलेल्या एका कुटुंबाजवळ. माझ्या मते त्यांचा हा सगळ्यात कच्चा चित्रपट. दिल्लीची माणसं त्यांच्या हाताला लागली नाहीत.

'हलाल' (२०१७) मध्ये ते पुन्हा गावात आले. राजन खान यांच्या कथेवरचा हा चित्रपट. नवऱ्याने तलाक दिलेल्या बाईला त्याच्याकडे परत जायचं तर आधी दुसऱ्याशी निकाह करावा लागतो. नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्या बाईला काय वाटतं, हे विचारायचं मात्र राहून जातं. मराठी सिनेमात मुसलमान बहुधा शेजारचे चाचा म्हणून येतात. इथे अख्खं घर त्यांचं आहे.

'भोंगा'तही तसंच. तान्हं बाळ आजारी, जवळच मशीद, आणि भोंग्याच्या आवाजाने बाळ दचकतं. आवाज कमी करा म्हणणारे आणि नाही म्हणणारे, दोघेही मुसलमान, एकाच गावातले. २०१८च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. तेव्हा त्याचा फारसा गवगवा झाला नाही.

मग २०२२चा एप्रिल आला. राज ठाकरेंच्या सभांनंतर भोंगा हा शब्दच राजकीय झाला, आणि चित्रपटगृहात यायच्या बेतात असलेल्या या चित्रपटामागे मनसेचे नेते उभे राहिले. चार वर्षं जुना सिनेमा एकदम आजच्या बातमीसारखा दिसू लागला. पाटलांनी घरात आणलेला प्रश्न पुन्हा रस्त्यावर गेला आणि ते बाळ मागे पडलं. चित्रपट तोच होता. बघणाऱ्याच्या हातात आधीच झेंडा होता, इतकंच.

मला हे लागतं, कारण आमच्या गावात पांडववाडा आहे. पांडवांचा वाडा की मशीद, हा वाद २०२३ साली जिल्हाधिकाऱ्यांकडून थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला. त्या दिवसांत मोबाइलवर आदेश, अर्ज आणि पोलीस बंदोबस्ताचे फोटो फिरत होते. त्या भिंतीच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरात काय बोललं जात होतं, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही. 'भोंगा' मी त्यानंतर पुन्हा पाहिला, या वेळी बाळाच्या आईकडे लक्ष ठेवून.