रयत : एका शब्दाची वाटचाल

'रयत' हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की तो परका असेल अशी शंकाही येत नाही. वस्तुतः तो अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ मेंढपाळाने चारावयास नेलेला कळप. राजा राखणारा आणि प्रजा राखली जाणारी, हे नाते त्या एका शब्दात सामावले आहे. उत्तम मेंढपाळाचा दाखला बालपणापासून ऐकणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा अर्थ सहज उमगावा.

राखणदार भला, तर कळप सुखी. शिवाजी महाराजांनी १६७४ साली चिपळूण भागातील आपल्या लष्कराला पत्राद्वारे ताकीद दिली, की दाणा-वैरणीसाठी रयतेस उपद्रव देऊ नये; जे हवे ते दाम देऊन घ्यावे. पुढे इंग्रजी अमलात हा शब्द महसुलाच्या दप्तरात शिरला. 'रयतवारी' पद्धतीत सरकार जमीनदाराला मध्ये न घेता थेट कुळाकडून रोख सारा घेई. सारा भरण्यासाठी रयत सावकाराच्या दारी गेली, कर्जात बुडाली आणि १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे तिने कर्जखते जाळली. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

१९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे शिक्षणसंस्था स्थापन केली, तेव्हा तिला हेच नाव दिले. दीनपणाची खूण असलेला शब्द अभिमानाचा झाला. १९५० साली संविधान अमलात आले आणि रयत 'नागरिक' झाली.

ख्रिस्तसभेतही असेच घडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात 'देवाची प्रजा' हे प्रकरण धर्माधिकाऱ्यांविषयीच्या प्रकरणाच्या आधी ठेवले. हा क्रम सहेतुक होता.

येथे आम्हाला एक कबुली द्यावीशी वाटते. 'माझा कळप' असे वेदीवरून म्हणताना आम्ही धर्मगुरूंनी कित्येकदा निर्णय आधी घेतले आणि धर्मग्रामस्थांना ते मागाहून कळवले. शुभवर्तमानातील मेंढपाळ मात्र प्रत्येक मेंढराला नावाने हाक मारतो आणि त्यांच्यासाठी प्राणही देतो. तेव्हा पुढील धर्मग्रामसभेत हिशेब मांडले जातील, त्या वेळी प्रापंचिक बंधुभगिनींनी संकोच न करता प्रश्न विचारावेत. उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.