डांगाणातला खिल्लार

मराठ्यांच्या घोड्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पागा, शिलेदार, बारगीर सगळ्यांना इतिहासात जागा मिळाली. बैलाला ती मिळाली नाही. वास्तविक एखाद्या मुलखातले पाऊसपाणी जाणून घ्यायचे, तर जुन्या दफ्तराइतकीच तिथली दावणही बोलकी असते.

माझे आजोळ अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डांगाणात. तिथे शंभर इंचांहून अधिक पाऊस. एका वर्षी हात जरा सैल झाला, तेव्हा आजोबांनी थेट माणदेशात जाऊन खरसुंडीच्या जत्रेतून खिल्लार जोडी आणली. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची, हरणासारखी चपळ. सारा गाव पाहायला लोटला. श्रावणात त्या जोडीचे खूर चिखलाने मऊ पडले. अंग वाळेना. आजी रात्री त्यांच्यावर गोणपाट टाकी. एका बैलाने पोळा पाहिला नाही.

त्याच पावसात शेजारच्या महादेव कोळ्याचे डांगी बैल भातखाचरात चिखलणी करीत होते. दिसायला बांडे, चालायला संथ. पण डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, पाणी अंगात मुरत नाही. खूर काळे आणि टणक.

खिल्लाराचा यात दोष नव्हता. माणदेशात पाऊस वीस इंचांच्या आसपास, चारा तुटपुंजा, वाटा लांबच्या. तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग आणि झपाझप चालच हवी. कळपामागे हिंडणाऱ्या ठेलाऱ्यांनी नेमकी तीच निवडून राखली. या जातीचे नाते म्हैसूरच्या हल्लीकराशी सांगतात. तिच्या एका वाणाला ‘आटपाडी महाल’ म्हणतात. औंध संस्थान 1948 साली विलीन झाले, त्याच्या महालाचे नाव मात्र बैलाला चिकटून राहिले.

1967 साली मणिभाई देसाईंनी उरळीकांचनला संस्था काढली आणि पुढे संकरित गाय गावोगाव पोचली. दुधाच्या पैशावर पोरे शिकली. त्याला नावे ठेवणे मला जमणार नाही. पण तिला ऊन आणि गोचीड सोसत नाही, आणि तिच्या गोऱ्ह्याला धड वशिंड नसल्याने जू नीट बसत नाही.

आजोबांनी पुढच्या वर्षी घोटीच्या बाजारातून डांगी जोडी घेतली. उरलेला खिल्लार मात्र विकला नाही. मृग लागण्याआधी ते त्याला पंधरा कोसांवर, संगमनेरच्या कोरड्या रानात मेहुण्याकडे नेऊन सोडीत, आणि दिवाळीला परत आणीत.